‘अल्पशा आजारा’चे नाव

वृत्तपत्राच्या कचेरीत रोज सायंकाळी निधनवार्ता येऊन पडतात. नाव, वय, गाव, पश्चात पत्नी, पुत्र, कन्या, नातवंडे, आणि या साऱ्यांच्या आधी एक ठरलेले वाक्य: ‘अल्पशा आजाराने निधन झाले.’ वर्षानुवर्षे आम्ही हे वाक्य छापीत आलो आहोत. शोकाकुल घराला अधिक काही विचारणे प्रशस्त वाटत नाही आणि वाचकालाही त्यापलीकडे जाण्याची गरज भासत नाही. मृताविषयी बाळगावयाची ती एक सभ्यता आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु काही घरांच्या बाबतीत हे वाक्य सभ्यतेपोटी लिहिलेले नसते. आजाराचे नाव तेथे कोणी लपविलेले नसते. ते कोणालाच ठाऊक नसते. घरच्यांना नसते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही खात्रीपूर्वक नसते. अशा एका आजाराविषयी, आणि त्याला नाव मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्यांविषयी, आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

साठी उलटलेला, दुकानाचा हिशेब तोंडपाठ असलेला एखादा गृहस्थ वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. एके दिवशी रोजच्या बाजारातून घरी येताना तो वाट चुकतो. पंधरा दिवसांत त्याचा तोल जाऊ लागतो. दाराची कडी वाजली तरी त्याचे सर्वांग दचकते. महिन्याभरात तो मुलांची नावे विसरतो, पुढे वाचा जाते, आणि बहुधा सहा महिन्यांच्या आतबाहेर सारे संपते. ताप नसतो. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत काही दोष दिसत नाही. घरची माणसे आधी वार्धक्याला दोष देतात, मग मनाला बसलेल्या एखाद्या जुन्या धक्क्याला. अखेर देवळात कौल लावला जातो, घाड्याकडे खेपा होतात आणि कोणीतरी करणी केली असा संशय शेजाऱ्यावर जातो. आजाराला नाव नसले की त्या रिकाम्या जागी माणसाचे नाव येऊन बसते!

ही लक्षणे ज्या रोगाची आहेत त्याला क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग असे म्हणतात. १९२० आणि १९२१ साली ज्या दोघा जर्मन वैद्यांनी त्याचे वर्णन केले त्यांची ही नावे. जगात जेथे जेथे नीट मोजदाद झाली आहे तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक किंवा दोन रुग्ण असे त्याचे प्रमाण आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. म्हणजे या हिशेबाने वर्षाला एखाददुसरा रुग्ण या आपल्या चिमुकल्या राज्यातही असावयास हवा. रोग विरळ खरा. पण विरळ म्हणजे दुसऱ्याच्या घरचा, असे समजण्याचे कारण नाही.

या रोगाचे कारण विलक्षण आहे. जंतू, विषाणू, बुरशी यांपैकी कोणीही त्याचा कर्ता नव्हे. आपल्या मेंदूत जन्मतःच असणारे एक प्रथिन, तेच त्याचे मूळ. हे प्रथिन एका विशिष्ट घडीत दुमडलेले असते. ही घडी बिघडली, तर बिघडलेला कण शेजारच्या निरोगी कणाला आपल्यासारखा करून सोडतो. तो पुढच्याला, आणि ही मालिका थांबत नाही. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण पडावे आणि सकाळपर्यंत सारे दूध आपले रूप टाकून बसावे, तसाच हा प्रकार. पुढे मेंदूला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि तो स्पंजासारखा दिसू लागतो. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रूसिनर यांनी १९८२ साली या संसर्गकारी प्रथिनाला ‘प्रायॉन’ असे नाव दिले. जनुकीय द्रव्याचा अंशही नसलेला पदार्थ रोग पसरवू शकतो, यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. १९९७ साली प्रूसिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या स्वरूपामुळेच रोगाचे निदान अवघड झाले. शत्रू परका असेल तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते आणि रक्तात ती शोधता येतात. येथे शत्रू घरातलाच. शरीर त्याला ओळखत नाही, म्हणून ताप नाही आणि प्रतिद्रव्येही नाहीत. जंतू नसल्यामुळे तो वाढवून पाहण्याची सोय नाही, जनुकीय द्रव्य नसल्यामुळे विषाणू ओळखण्याच्या रूढ चाचण्याही येथे निरुपयोगी ठरतात. मग पूर्वी निदान होत असे ते कसे? मृत्यूनंतर मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, किंवा रुग्णाच्या मेंदूतील अंश प्राण्याला टोचून वाट पाहत बसण्याने. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे जमातीत ‘कुरू’ नावाचा असाच एक जीवघेणा रोग होता. मृत आप्ताच्या देहाचा अंश भक्षण करण्याच्या तेथील अंत्यविधीतून तो पसरत असे. हा रोग मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ रोगासारखा दिसतो हे विल्यम हॅडलो या पशुवैद्याने १९५९ साली लक्षात आणून दिले. त्यानंतर कार्लटन गायडुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंपांझींवर प्रयोग केले आणि १९६६ साली कुरू संसर्गाने होतो हे सिद्ध केले. टोचल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दीड-दोन वर्षे लोटली होती. रुग्ण सहा महिन्यांत जाणार आणि चाचणीचा निकाल दोन वर्षांनी लागणार! असे निदान विज्ञानाच्या कामाचे, घरच्यांच्या नव्हे.

पुढील प्रगती पायरीपायरीने झाली. मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., काही रुग्णांत ठराविक अंतराने उसळणाऱ्या टोकदार लाटा दाखवी. पण सर्वच रुग्णांत नव्हे. १९९६ साली पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्यात ‘१४-३-३’ नावाचे प्रथिन शोधण्याची चाचणी पुढे आली. ती उपयुक्त ठरली, तरी तिच्यात एक उणीव होती. हे प्रथिन मेंदूच्या पेशी वेगाने मरू लागल्या की त्या पाण्यात उतरते, मग त्या पक्षाघाताने मरोत की मेंदूज्वराने. म्हणजे धूर दिसतो, आग कोठे लागली आहे ते कळत नाही. एम.आर.आय. यंत्राच्या विशिष्ट चित्रणात मेंदूच्या सालीवर आणि आतल्या गाभ्यात उजळ पट्टे दिसू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती आणखी एक पुरावा आला. पण खुद्द त्या बिघडलेल्या प्रथिनाला जिवंत रुग्णात पकडणे अजून साधले नव्हते.

ते साधले २०११ च्या सुमारास, आणि त्याची युक्ती मोठी मनोज्ञ आहे. रोगाचे जे सामर्थ्य, त्याचाच उपयोग त्याला उघडे पाडण्यासाठी करावयाचा. प्रयोगशाळेत जिवाणूंकडून करवून घेतलेले निरोगी प्रथिन एका छोट्या भांड्यात घेतात, त्यात रुग्णाच्या पाठीतील पाण्याचा थेंब टाकतात, आणि ते ऊबदार ठेवून पुनःपुन्हा हलवीत राहतात. थेंबात बिघडलेल्या प्रथिनाचे विरजण असेल तर निरोगी प्रथिनाचे कण भराभर जुळत जातात आणि सोबत घातलेला रंग चमकू लागतो. विरजण नसेल तर भांडे अंधारेच राहते. ‘आर.टी.-क्विक’ या नावाने ही चाचणी ओळखली जाते. जपानमधील नागासाकीचे संशोधक आणि अमेरिकेतील मोन्टाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळा यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. तिच्या सुधारित रूपात शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण ओळखले जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा रोग नसलेल्या माणसावर त्याचा शिक्का ती क्वचितच मारते. निकालही दिवसांत लागतो. २०१४ साली नाकाच्या आतील वरच्या भागातून ब्रशने अलगद घेतलेल्या पेशींवरही ही चाचणी यशस्वी झाली. पूर्वी जे मेंदू चिरून कळे ते आता सुईच्या एका टोचणीने कळू लागले.

यावर वाचक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे, की या रोगावर औषध आहे काय? नाही. जनुकाचा संदेश अडवून हे प्रथिन मुळातच कमी करणाऱ्या औषधाच्या मानवी चाचण्या अलीकडे सुरू झाल्या आहेत, पण आज हाती उपाय नाही. मग ज्याला वाचविता येणार नाही त्याच्या पाठीत सुई कशासाठी खुपसावयाची? गरीब देशाने एवढा खर्च कशासाठी करावयाचा? असे म्हणणारे केवळ सामान्यजनच आहेत असे नाही. वैद्यकीय क्षेत्रातही ही भाषा ऐकू येते. हा विचार व्यवहारी वाटतो. आमच्या मते तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सांगणे हाच या लेखाचा हेतू होय.

पहिली गोष्ट अशी की, या रोगाची लक्षणे धारण करून येणारा प्रत्येक रुग्ण या रोगाचा नसतो. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे प्रायॉन रोगांच्या शवविच्छेदनाचे राष्ट्रीय केंद्र १९९७ पासून आहे. तेथे संशयावरून तपासलेल्या १,१०६ मेंदूंचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३५२ मेंदूंत हा रोग नव्हताच. आणि त्यांतही ७१ जण असे निघाले, की ज्यांच्या आजारावर उपचार होण्याची शक्यता होती. कोणाच्या शरीराची संरक्षक व्यवस्थाच मेंदूवर उलटली होती, कोणाला अर्बुद होते, कोणाला साधा संसर्ग. ‘आता काही उपाय नाही’ हे वाक्य त्यांतील किती जणांच्या उशाशी उच्चारले गेले असेल! रोग म्हशीला आणि औषध पखालीला ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. येथे तर पखालीलाही औषध मिळाले नाही. असाध्य रोगाची खात्रीची चाचणी ही मुख्यतः साध्य रोगाच्या रुग्णाला वाचविण्यासाठी असते. केवळ रोगनिदानाला वाहिलेला ‘माधवनिदान’ हा ग्रंथ ज्या भूमीत बाराशे वर्षांपूर्वी रचला गेला, तेथे हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नसावी.

दुसरी गोष्ट इतरांच्या जिवाची. १९७४ साली अमेरिकेत असे नमूद झाले, की नेत्रपटलाचे रोपण केलेल्या एका रुग्णाला दीड वर्षाने हाच रोग झाला. आणि ज्याचे नेत्रपटल घेतले होते तो मनुष्य याच रोगाने मेला होता. १९७७ साली झ्यूरिक येथील दोन तरुण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. अपस्माराच्या तपासणीसाठी त्यांच्या मेंदूत ज्या विद्युत्‌शलाका घातल्या, त्या आधी या रोगाच्या रुग्णासाठी वापरलेल्या होत्या. मद्यार्काने आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने त्या रीतसर शुद्ध केल्या होत्या, तरी दोघांनाही रोग जडला. उकळते पाणी, फॉर्मॅलिन, किरण या कशालाही हे प्रथिन सहजासहजी दाद देत नाही. १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत अठरा मिनिटे, किंवा तीव्र दाहक सोड्यात शस्त्रे ठेवावी लागतात. आपल्याकडे नेत्रदानाची चळवळ रुजत आहे ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच, ‘अल्पशा आजारा’चे नाव ठाऊक नसताना केलेले पुण्यकर्म दुसऱ्याच्या अंगाशी येऊ नये, एवढी दक्षता नको काय? रोगी आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरचा रोगी यांच्यामध्ये निदान हीच भिंत असते.

तिसरी गोष्ट आहे राष्ट्राच्या दक्षतेची, आणि तिचा धडा ब्रिटनने दिला आहे. गायीसारख्या तृणभक्षी जनावराला मांस आणि हाडे यांचा चुरा चारण्याची बुद्धी तेथील पशुखाद्याच्या व्यापाराला झाली. १९८६ साली गायींचे मेंदू सच्छिद्र होऊ लागल्याचे आढळले. १९८८ मध्ये त्या खाद्यावर बंदी आली, पण तोवर रोग पसरला होता. १९९२ या एकाच वर्षात ३६ हजारांहून अधिक जनावरे रोगग्रस्त ठरली. १९९० साली कृषिमंत्री जॉन गमर यांनी आपल्या लहान कन्येसह छायाचित्रकारांसमोर बर्गर हाती धरून गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी एडिंबरो येथे डॉ. रॉबर्ट विल यांच्या नेतृत्वाखाली एक लहानसे पथक कामाला लागले. देशात क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचा जो जो संशयित रुग्ण आढळेल त्याची नोंद करावयाची, त्याला पाहावयाचे आणि मृत्यूनंतर मेंदू तपासावयाचा, एवढेच त्याचे काम. सहा वर्षे ही वहीखात्याची नीरस नोकरी चालली. आणि या नोंदींतूनच दहा रुग्ण वेगळे उठून दिसले. ते वयाने तरुण होते, त्यांचा ई.ई.जी. नेहमीसारखा नव्हता आणि मेंदूतील खुणा पूर्वी कधी न पाहिलेल्या होत्या. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश सरकारला पार्लमेंटमध्ये हे मान्य करावे लागले, की गायींचा रोग बहुधा माणसात उतरला आहे.

मंत्र्याच्या ग्वाहीपेक्षा लेखनिकाची वही खरी ठरली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. नेहमीचे रुग्ण कसे असतात याची नोंद नसती, तर ते दहा तरुण दहा रुग्णालयांत, दहा निरनिराळ्या नावांखाली विझून गेले असते. पुढे ब्रिटनमध्ये या नव्या रोगाने १७८ बळी घेतले. तो रक्तातूनही पसरतो अशी पहिली घटना २००३ अखेर उजेडात आली. शस्त्रक्रियेत काढलेली ३२ हजारांहून अधिक आंत्रपुच्छे तपासून २०१३ साली असा अंदाज बांधण्यात आला, की दर दोन हजार ब्रिटिश नागरिकांमागे एकाच्या शरीरात हे प्रथिन निद्रिस्त असावे. कुरूचे काही रुग्ण संसर्गानंतर पन्नास वर्षांनी आजारी पडले, हे पाहता ही वही मिटण्याची वेळ अजून आलेली नाही.

आपले वाचक म्हणतील, आम्ही गोमांस खात नाही. आमचा याच्याशी संबंध काय? या समजुतीतच मोठा धोका आहे. गायींपासून येणारा प्रकार हा या रोगाचा एक छोटासा फाटा आहे. शंभरातील सुमारे पंच्याऐंशी रुग्णांत हा रोग आपोआप, कोणत्याही बाह्य कारणाविना उद्भवतो. दहा-पंधरा जणांत तो आनुवंशिक असतो. ताटात काय वाढले होते, हे तो विचारीत नाही. लिबियातून इस्रायलमध्ये आलेल्या ज्यूंमध्ये या रोगाचे प्रमाण फार अधिक आढळले, तेव्हा मेंढ्यांचे डोळे खाण्याच्या त्यांच्या सवयीवर वर्षानुवर्षे ठपका ठेवला गेला. जनुकांची चाचणी उपलब्ध झाल्यावर कळले, की दोष आहाराचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका जनुकीय बदलाचा होता. एका समाजाच्या माथ्यावरचा खोटा कलंक चाचणीने पुसला. करणीचा संशय घेतलेल्या आपल्या शेजाऱ्यालाही हाच न्याय मिळावयास हवा.

आता स्वदेशाकडे वळू. भारतात गायीगुरांतील हा रोग नोंदला गेलेला नाही, ही समाधानाची बाब आहे. मात्र हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी असल्याचे १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते. मनुष्यांतील रोगाची नोंदवही बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील डॉक्टरांनी चिकाटीने ठेवली. तीत १९७१ ते १९९० या वीस वर्षांत देशभरातून सुमारे तीस रुग्णांची नोंद झाली. दहा लाखांमागे एक हे प्रमाण धरले तर तेवढ्या काळात ही संख्या दहा हजारांच्या पुढे जावयास हवी होती. आपल्या देशात तरुणांचे प्रमाण अधिक, म्हणून हा आकडा निम्म्यावर आणला, त्याच्याही निम्म्यावर आणला, तरी तीस आणि हजारो यांतील अंतर कशाने भरून काढणार? ही उणीव नोंद ठेवणाऱ्यांची नव्हे. त्यांनी निदान दिवा तरी लावला. ही उणीव, मेलेल्या माणसाला काय झाले होते हे न विचारणाऱ्या आपणा सर्वांची आहे.

यास्तव आमच्या सूचना साध्या आहेत. वेगाने बुद्धिभ्रंश होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद राज्यपातळीवर एका ठिकाणी व्हावी. पणजीचा असो, सावंतवाडीचा असो वा बेळगावचा, अशा रुग्णाच्या पाठीतील पाण्याचा नमुना बर्फात घालून समर्थ प्रयोगशाळेकडे पाठविण्याची व्यवस्था सरकारी रुग्णालयाने करावी आणि तो खर्च रुग्णाच्या कुटुंबावर पडू नये. वर्षाला एखाददुसऱ्या रुग्णाचा हा खर्च कोणत्याही राज्याच्या तिजोरीला जड नाही. संशय असेल तोवर मेंदूच्या शस्त्रक्रियेची हत्यारे वेगळी ठेवावीत. शिवाय या चाचणीचे तत्त्व एका विरळ रोगापुरते मर्यादित राहिलेले नाही. कंपवाताचे निदानही याच विरजणाच्या मार्गाने करण्याचे प्रयत्न यशस्वी होत आहेत. आज उभी केलेली प्रयोगशाळा उद्या हजारो वृद्धांच्या उपयोगी पडेल.

शेवटची सूचना अधिक नाजूक आहे. चाचण्या कितीही सुधारल्या तरी संपूर्ण खात्री अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. आपल्याकडे प्रेत फार वेळ घरात ठेवीत नाहीत. देहाला चिरा पडू नये ही भावनाही खोल आहे. त्या भावनेचा आम्ही अनादर करणार नाही. परंतु देवांच्या कार्यासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींना ज्या धर्माने वंदनीय मानले, त्या धर्माला हा त्याग परका नाही. डॉक्टरांनी वेळीच, रुग्ण जिवंत असतानाच, घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे. तपासणीनंतर देह सन्मानाने आणि विनाविलंब हाती येईल असा शब्द द्यावा आणि पाळावा. मेंदूचा तो लहानसा अंश मुलांना सांगू शकेल, की आपल्या वडिलांचा रोग आनुवंशिक होता की नव्हता. त्या मुलांच्या पुढील आयुष्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

उद्या सायंकाळीही आमच्या कचेरीत निधनवार्ता येतील आणि ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द आम्ही पूर्वीप्रमाणेच छापू. घराने जगाला काय सांगावे, हा त्या घराचा अधिकार आहे. पण त्या घराला स्वतःला तरी सत्य ठाऊक असावे, आणि राज्याच्या नोंदवहीत त्या माणसासाठी एक ओळ असावी. जगताना ज्याचे नाव होते, त्याच्या मरणाला नाव नसावे हे सुसंस्कृत समाजाला शोभत नाही.